बारा बाइट

मिरजेत, स्टेशनमागच्या खोलीत,
रात्रीचे पावणेदोन.
पलूसच्या दूध संघाचा सर्व्हर
या आठवड्यात चौथ्यांदा आडवा झालाय,
आणि पडता पडता त्यानं जे लिहून ठेवलं
ते मी तिसऱ्यांदा वाचतेय.

एक पाकीट आलं होतं.
पाकिटाच्या कपाळावर वीस बाइटांची पट्टी असते:
कुठून, कुठं, एकूण लांबी किती.
लांबी लिहिली होती अठ्ठ्याण्णव.
आलेले बाइट मोजले तर बारा.
म्हणजे कपाळसुद्धा अर्धंच.
कर्नलनं तरी नेहमीची वजाबाकी केली,
बारातून वीस.

पहिलीत आम्ही म्हटलं असतं, जात नाहीत.
सहावीत म्हटलं असतं, उणे आठ.
पण या रकान्यात उणे लिहायला जागाच ठेवलेली नाही.
रिक्षाचं जुनं मीटर शून्यामागे ढकललं
की सगळे नऊ उभे राहतात,
तसे इथं उरले
चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.

एवढं वाचायचंय असं समजून तो वाचत सुटला.
पाकीट संपलं, तरी वाचतोय.
शेजारच्याचं वाचतोय,
कुणाचा पासवर्ड, कुणाचं अर्धं बिल,
आणि शेवटी जिथं जमीनच नाही
तिथं पाय.

ओळ कुणाची म्हणून इतिहास उघडला.
माझी.
तीन वर्षांपूर्वीची, वर माझीच टीप:
लांबी आधीच तपासलेली आहे.
कुणी?
खालच्या ड्रायव्हरला वाटलं, वरचे बघतील.
आम्हा वरच्यांना वाटलं, दारात बघितलं असेल.
दोन घरचा पाहुणा उपाशी,
तसं ते पाकीट, बिनतपासलं,
थेट माजघरात.

बाबगोंडाकाका सांगलीच्या यार्डात
हळदीच्या काट्यावर होते, एकतीस वर्षं.
त्यांचं नखसुद्धा कधी पांढरं बघितलं नाही मी.
म्हणायचे, गोणीवर काय लिवलंय
ते श्येंबडं पोरगं बी वाचतंय, सन्मती.
आपुन काटा बघायचा.
आन् एकदा बघितला की खडूनं आपल्या पाटीवर लिवायचा.
परत परत गोणीला इचारत बसायचं न्हाई,
तवर कुणी तरी चिठ्ठी बदलतंय.

ते आठवलं म्हणून नव्हे,
पण तसंच लिहिलं.
वीसपेक्षा कमी आलं, टाकून दे.
लिहिल्यापेक्षा कमी आलं, टाकून दे.
लिहिलेली लांबी एकदाच वाच,
आपल्याकडे उतरव,
पुढचा हिशोब त्या उतरवलेल्यावर.
आणि शेवटी एक जास्तीची ओळ:
किती टाकली, ते मोज.

नागेशनं सकाळी तपासलं.
बाकी ठीक, म्हणाला, ही मोजणी कशाला?
चुकीचं पाकीट ते चुकीचंच.
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, राहू दे.

सर्व्हर पुन्हा पडला नाही.
संघानं पेढे पाठवले, थोडे आंबूस.

शनिवारी मोजणी उघडली.
दोनशे अकरा.
सगळी एकाच केंद्रावरून,
वांगीच्या पुढं, ओढ्यापलीकडे.
फोन लावला. सचिव मस्के.
त्यांनी बघून सांगितलं,
केबल उंदरानं कुरतडलीय, मॅडम,
मधनंच तुटतंय बोलणं.
मग दूध?
दूध जातंय की टँकरमधनं.
नुसती नोंद पोचत न्हाई तुमच्याकडं.

माझी काहीच चूक नव्हती.
बाराला मी बारा म्हटलं,
आणि दाराबाहेर ठेवलं.

वही आहे का हातानं लिहिलेली?
आहे, पण दूध सांडलंय तीवर.
वाचा, म्हटलं, मी टाइप करते.
घसा खाकरून ते वाचू लागले:
सोमवार, सांज.
कळंत्रे सुशीला, म्हैस, साडेतीन लिटर.
फॅट...
थांबा, हितं आकडा फुटलाय.
सहा असंल, न्हाई तर आठ.

मी विचारलं,
तिथं शेजारी कुणी आहे का,
ज्याला नक्की माहीत असेल?