रोज एक फरशी

कुसुमबेन सुरतेला लेकाकडे राहायला गेल्या
तेव्हा त्यांची मोंघी आमच्याकडे आली.
वय वर्षं सात, डाव्या कानाचं टोक कापलेलं,
सोबत गोधडीचा एक मळका तुकडा
आणि एक सूचना :
हिला मराठी येत नाही.

कारेलीबागेत दुसरा मजला, तीन खोल्या, एक गॅलरी.
मागच्या खोलीत, शिवणयंत्राखाली ती शिरली
आणि मी दार लावलं.
दाराच्या अलीकडे आमचे दिवाणजी,
अकरा वर्षांचा पिवळा बोका,
ज्यांच्या सहीशिवाय या घरात दूध तापत नाही.
शिवाय टिकली कुत्री, जिला सगळेच आवडतात,
म्हणून तिचीच भीती जास्त.

डॉक्टर म्हणाले, इतक्यात तोंडं दाखवू नका.
आधी वास.
मी दिवाणजींचा पंचा तिच्या खोलीत टाकला.
ती पंचावर फिसकारली.
तिची गोधडी दिवाणजींपुढे ठेवली.
त्यांनी हुंगली, विचार केला,
आणि वळून तिच्यावर शिक्का मारला.
गोधडी मी धुतली नाही.
सगळी लिखापढी त्या वासातच तर चालली होती.

मग जेवण. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना बशा,
दारापासून सहा फरशा लांब.
रोज एक फरशी पुढे.
कुणी गुरगुरलं तर एक मागे.
कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी
मी आकडे लिहायची :
सहा, पाच, पाच, चार, पाच, चार.

मला असं कुणी आणलं नव्हतं.
एकेचाळिसाव्या वर्षी, रजिस्ट्रारच्या कचेरीतून
थेट या ओट्यापाशी.
केतकी नऊ वर्षांची, फ्रिजच्या आडून बघणारी.
कुणी तिचा रुमाल मला हुंगायला दिला नाही,
माझी ओढणी तिच्या उशाशी ठेवली नाही.
फोटो मात्र सगळ्यांनी काढले.
आणि त्याच रात्री मी
तिच्या आईच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या,
धणे, मोहरी, हिंग,
सुवाच्य अक्षरात.
पोरगी तीन दिवस धड जेवली नाही.
चौथ्या दिवशी जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यातून काढून
परत चिकटवल्या. एक सापडली नाही.
हिंगाचा डबा अजून बिनचिठ्ठीचा आहे.

असो. चार फरशांवर गाडी अडली होती
तेव्हा उत्तरायण आली.
आठवडाभर फुटपाथवर दोरा गुलाबी होत होता,
आता प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या,
काय्पो छे, काय्पो छे.
केतकी मागच्या खोलीत फिरकी घ्यायला गेली
आणि दार सताड टाकून वर पळाली.

माझे हात तिळाच्या पाकात.
पोचले तेव्हा शिवणयंत्राखाली चार डोळे.
मोंघी भिंतीशी, दिवाणजी पायडलपाशी,
मध्ये दोन वीत जागा.
एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं.
दोघंही छताकडे बघत होती.
(टिकली न्हाणीघरात, बादलीमागे.)
मी गुडघ्याला विचारून फरशीवर पालथी झाले.
"आव, मोंघी, आव."
कान हलवला तो दिवाणजींनी.

तेवढ्यात केतकी आली, दोऱ्यानं बोट कापलेलं,
बोट तोंडात धरूनच शेजारी आडवी झाली.
"मावशी, हलू नका," म्हणाली.
मी हलले नाही. पाक ओट्यावर जळला.

अंधार पडला, आवाज बसले,
आणि दिवाणजींना आपलं पद आठवलं.
एक चापट दिली, नखं आत ठेवून.
मोंघीनं गुजरातीत काहीतरी फार वाईट म्हटलं.
दार पुन्हा लावलं.

चौदा तारखेच्या चौकटीत मी चार लिहिलं,
खोडलं, तीन लिहिलं.
बोटाला पट्टी गुंडाळत केतकी मागून वाचत होती.
"तीन कसे?" म्हणाली.
"मी अडीच धरते."