जू म्हणजे दहा

कंपूत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथं पूर्वी शिवणक्लास चालायचा
आणि भिंतीवर अजून खडूनं आखलेलं झबलं दिसतं,
तिथं जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
मी चपला काढल्या.

"तोंड बाहेर करून ठेवा," भदौरियाजी म्हणाले,
"निघताना शोधायला लागू नयेत."
हिंदीत म्हणाले. मी मनात मराठी केलं.
सगळ्याचंच करते, जन्म लश्करात गेला तरी.

समोर लाकडी फळी. फळीवर काही नाही.
तिला वाकून नमस्कार करायचा.
माझे डोळे गणपती शोधत राहिले,
निदान उदबत्तीची राख.

पहिला महिना तलवार नाही, लाकडाचीसुद्धा.
पहिला महिना फडकं.
दोन्ही तळवे फडक्यावर, कंबर वर,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत पुसायचं.
सव्वीस वर्षं फरशा पुसून
महिना आठशे रुपये भरून मी हे शिकतेय
हे घरी सांगितलेलं नाही.
आणि मला ते येत नाही, हेही नाही.
तिसऱ्या फेरीला नाकावर आपटले.
पोलीस भरतीची तयारी करणारा तोमर
हसला नाही.
ते जास्त लागलं.

मग टाचांवर बसणं. एकोणपन्नास वर्षांचे गुडघे.
वज्रासन आहे रे, वज्रासन, असं सांगून पाहिलं.
फसले नाहीत.

मग आकडे.
भदौरियाजी ओसाकाजवळ नऊ वर्षं लेथवर होते,
तिथून ताठ पाठ आणि हे आकडे घेऊन आले.
इची, नी, सान.
सान म्हणजे तीन! आमच्यात सान म्हणजे धाकटं,
थोरांच्या मागून जेवणारं.
शी म्हणजे चार. माझ्या तोंडून शी निघते
दूध नासल्यावर.
गो पाच. मालवणची मामी अशीच हाक मारायची.
रोकू सहा. हे तर इथलंच, रोकूँ क्या?
गुडघे तेच विचारत होते.

"सातला दोन शब्द आहेत," ते म्हणाले,
"आपल्याकडे नाना म्हणायचं."

तोमरसाठी नाना म्हणजे आईचे वडील असतील.
माझे ते वडील.

अकरा वर्षांची होते, दौलतगंजात लाठीच्या वर्गाला घातलं त्यांनी.
मिलमधले टाइमकीपर. रात्रपाळी करून यायचे,
खाकी मफलर, पायरीवर बसायचे
आणि मास्तरांच्या वर आवाज चढवून मोजायचे,
एक! दोन! तीन!
मुली फिदीफिदी हसायच्या.
पाचव्या दिवशी माझं पोट दुखलं.
सहाव्याही दिवशी.
सातव्या दिवशी नानांनी लाठी माळ्यावर टाकली,
पुढं मच्छरदाणीला वापरली.
विचारलं मात्र कधीच नाही.

आज मोजायची पाळी माझी.
हातात काही नसताना असल्यासारखे हात वर न्यायचे,
आकड्याला एक वार.
"जोर से, शेजवलकरजी. पेट से."

इची. नी. सान. शी. गो. रोकू.

नाना!

खाली टायरवाल्याचा कुत्रा भुंकला.

अकरा वर्षांत ही हाक मोठ्यानं मारली नव्हती.
शेवटी शेवटी तर कानाशी तोंड नेऊन, हळू,
नाना, पाणी हवं?
आणि आता हे असं, जिन्याखालपर्यंत जाईल असं.

आठ आठवेना.
सात माणसं हात डोक्यावर धरून ताटकळलेली,
तोमरच्या तोंडातून वाफ येत होती.

"सात पर अटक गईं," भदौरियाजी म्हणाले.
रागावले नव्हते. कुणाचं लेथ अडकलं तर म्हणावं तसं.
"फिर एक से."

दहाला जू म्हणतात.
ते मानेवर घ्यायला अजून वेळ आहे.
एकपासून म्हणजे वाटेत सात पुन्हा येणार,
कदाचित पुन्हा तिथंच अडणार,
कदाचित सगळा वर्ग माझ्यापायी
आज सातच्या पुढं जाणार नाही.

मी पाय जरा फाकवले.
फरशी गार होती, मीच पुसलेली.
इची, म्हटलं.