मोज्यांतली चांदी

सकाळी सहाला, लिबेरेत्सच्या उताराखाली, निसा नदीच्या काठी
सगळ्या शहराचं पाणी माझ्याकडे येतं.
रात्री कोणी काय धुतलं, काय गिळलं, काय पुसून टाकलं,
नावं कळत नाहीत. वास कळतो.

टाकीतला एक थेंब काचपट्टीवर ठेवते.
देठावरच्या इवल्या घंटा उघडझाप करतात,
कोणी तोंडाचं चाक गरागरा फिरवत जेवतं.
बावीस वर्षं हे माझे नोकर.
नव्हे, मीच त्यांची. त्यांना हवा लागते, मी पंप लावते.
ते खातात म्हणून पुलाखाली मासे दिसतात.

परवा घंटा मंदावलेल्या वाटल्या.
थंडी असेल.
वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना असेल.
माझा चष्मा असेल.
"चांदी असेल," यारोमीर म्हणाला आणि पाव चावत राहिला.

चांदी म्हणजे माझ्या पोराचे मोजे.
व्हेंडेलीन हॉकी खेळतो. पाकिटावर लिहिलंय:
चांदीचे अतिसूक्ष्म कण, वास येणार नाही.
आणि खरंच येत नाही हो!
पूर्वी त्याची पिशवी बाल्कनीत ठेवायचे
तर शेजारच्या क्रेचमारोव्हाबाई धाडकन खिडकी लावायच्या.
आता पिशवी घरात, माणसासारखी.
पण वास करणारे जंतू मारते ती चांदी
दर मंगळवारी माझ्या यंत्रात थोडी सुटते, चाळीस अंशांवर,
आणि माझ्यामागोमाग कामावर येते.

प्रयोगशाळेतल्या राडानाला विचारलं.
गाळातला गंधक तिला धरून बसतो, ती म्हणाली,
बरीचशी निरुपद्रवी होते.
"आणि उरलेली?"
तिने खांदे उडवले. प्रामाणिक बाई आहे.
गाळ ट्रॅक्टरवर चढतो, ट्रॅक्टर पिवळ्या फुलांच्या शेतात जातो.
तिथल्या गांडुळांना कोणी पाकीट वाचून दाखवलेलं नाही.

माझे आजोबा लाल काच करायचे.
सोनं आम्लात विरघळवून चिमूटभर भट्टीत.
पहिल्यांदा पेला निघायचा पाण्यासारखा, बेरंगी.
पुन्हा धग दिली की लाली चढायची.
कण वगैरे त्यांना ठाऊक नव्हते; म्हणायचे, सोनं लाजतं.
सोनं पिवळं, हे मोठ्या सोन्याचं म्हणणं.
पुरेसं बारीक झालं की तेही मत बदलतं.
चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे शाळेत शिकले;
सगळं सोनं चकाकत नाही, हे कोणी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत बहिणीने न्हाणीघरातून हाक मारली.
दोब्रोमिला, एकेचाळीस वर्षांची, वाट पाहण्याचं सातवं वर्ष.
प्लॅस्टिकच्या पट्टीवर एक रेघ.
मग, आम्ही श्वास धरलेला असताना, दुसरी. फिकट.
दिव्याखाली धरली. खिडकीत धरली. होती.
राडाना नंतर म्हणाली, त्या लालीत बहुधा सोनंच असतं,
तेवढंच बारीक.
म्हणजे आजोबांच्या पेल्याने
आम्हाला बातमी दिली.

आता दोब्रोमिला सगळ्या बाटल्या उलट्या करून वाचते:
उन्हाचं मलम, टूथपेस्ट, केकवरची पांढरीशुभ्र साखर.
"तू त्या पाण्यात दिवस काढतेस," म्हणते, "सांग, काय टाकून देऊ?"
उन्हाने कातडी भाजते, हे मला माहीत आहे.
मलमातलं काय कुठवर जातं, ते पूर्ण माहीत नाही.
सोन्याला हो म्हणायचं आणि चांदीला नाही,
इतकं सोपं असतं तर मी पाटीच लावली असती फाटकावर.
"टोपी घाल," एवढं म्हणाले.

व्हेंडेलीनला लोकरीचे मोजे आणले. तो रुसला.
पिशवी पुन्हा बाल्कनीत.
क्रेचमारोव्हाबाईंनी खिडकी लावली; मी हात हलवला.

आज थेंबात सतरा घंटा मोजल्या. काल पंधरा होत्या.
एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, राडाना म्हणते.
तरी वहीत लिहून ठेवलं,
तारीख घालून, शाईने.