वाजत नाही ते

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, टायरवाल्याच्या मागे
हेमराज तांबटांचं गॅरेज. बोर्ड नाही.
मी म्हटलं, ब्रेक मारला की गाडी ओरडते.
ते म्हणाले, कशी? करून दाखवा.

कॅनडा कॉर्नरला माझं क्लिनिक आहे.
काचेच्या खोलीत बसवून मी लोकांचे कान तपासते,
बीप ऐकू आलं की बोट वर करा, म्हणते.
आणि इथं भर रस्त्यात, पर्स काखेत धरून,
मी 'चीऽऽऽ' केलं.
टायरवाल्याचा पोऱ्या पंक्चर सोडून बघायला लागला.

सकाळी पहिल्या दोन ब्रेकलाच, की दिवसभर?
थंड असताना, की तापल्यावर?
पाय दाबला की सुरू, की पाय काढला की?
रिव्हर्सला? वळणावर?
चौदा वर्षं मी हेच विचारत आले,
कधीपासून, कुठल्या बाजूला, सतत की अधूनमधून.
माझी माणसं का अडखळतात
ते आज कळलं.

मग विल्होळीपर्यंत चक्कर.
मी चालवतेय, ते शेजारी, काच खाली.
वाजलं का?
अहो, वाजतंय की हे!
ते समोर बोनेटकडे बघत राहिले.

चार हजार हर्ट्झ. आलेखात खड्डा पडतो तो तिथंच,
सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्यांना.
शेकड्यांनी पाहिलेत मी.
आजोबा तांबट आळीत हंडे ठोकायचे, ते सांगू लागले,
पन्नाशीनंतर हंड्याचा नाद बोटांनी बघायचे.
'खानदानी आहे. करकर येते मला ऐकू.
किंचाळणं येत नाही.
किंचाळणं गिऱ्हाइकानं ऐकायचं.'

चाक उतरवलं. पॅड नखाएवढं उरलेलं,
त्याला एक पातळ पोलादी जीभ,
पॅड झिजलं की डिस्कला घासून ओरडावं
एवढ्यासाठीच लावलेली.
'ही ओरडते तोवर बरं.
पुढे करकर, लोखंडावर लोखंड.
लोक तोवर गाणी मोठी करतात.'
डिस्कवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं
मधून कडेपर्यंत, डोळे मिटून.
चालेल, म्हणाले. डिस्क वाचली.

मग बोनेट. छोटी डबी, तिचं झाकण.
पांढऱ्या चिंधीवर एक थेंब:
उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा रंग.
'नवं असतं तेव्हा मधासारखं. कधी बदललं?'
लेव्हल तर बरोबर आहे, मी म्हटलं.
'लेव्हल असते हो.
हे हवेतलं पाणी पितं, बरणीतल्या मिठासारखं,
झाकण घट्ट असलं तरी.
कसाऱ्याचा घाट उतरताना तापतं, पाण्याची वाफ होते,
आणि पाय जातो तळाला,
लोण्यात गेल्यासारखा.'
चिंधी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.
'आणि हे वाजत नाही.'

मी त्यांच्या कानाकडे बघितलं.
लगेच नजर काढली.

पोऱ्या आत बसला. दाब. धर. सोड.
हेमराजभाऊ चाकाशी उकिडवे, हातात पाना,
'दाब' तो ओरडून सांगायचा, कारण आता त्याला माहीत आहे.
पारदर्शक नळीतून काळपट आलं, बुडबुडे आले,
मग बराच वेळ फिकट पिवळं.
'बंपरवर सांडू नको रे, रंग खाईल.'

दोन वर्षांनी परत, ते म्हणाले.
मी कार्ड काढलं. म्हटलं, तुम्ही या एकदा,
अर्धा तास लागतो, पैसे नाही घेणार.
त्यांनी कार्ड उलटं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं तारीख लिहिली,
भोक पाडलं,
आणि तारेनं बांधलं डबीच्या गळ्यात.

येताना उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला थांबले.
काही वाजलं नाही.
पुन्हा एकदा दाबून बघितलं.