ओ

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
माझा प्रोग्रॅम उठतो.
मी उठत नाही. मी आंत्सिराबेच्या खोलीत,
दोन घोंगड्यांखाली, जुलैच्या थंडीत.
तो एकटाच निघतो
जिल्ह्याजिल्ह्याच्या दारावरून,
सरकारनं उघड्यावर ठेवलेला कागद उचलतो:
ताप किती, दाखल किती, गेले किती,
की पुढच्या दाराशी.
कुणाशी बोलत नाही. तसं शिकवलेलंच नाही त्याला.

सकाळी कॉफी उकळेपर्यंत
नकाशा रंगलेला असतो.
किनाऱ्याकडून लाल वर चढतोय
टॅक्सी-ब्रूसच्या थांब्याथांब्यानं,
बाजार भरला की एक ठिपका पुढे.

फक्त वोहिपेनो अडायचं.
पहिल्या आठवड्यात रोज तोच निरोप:
आकडा हवा होता, अक्षर मिळालं.
डोळे कागदाला लावले तेव्हा दिसलं,
तिथला कारकून शून्याच्या जागी
ओ टंकतो. मोठा, गोल, इंग्रजी ओ.
फोन केला. झाफिमाहेरी, वय एकसष्ट.
हसला.
“पोरी, माझ्या पहिल्या टाइपरायटरची
शून्याची कळ तुटकी होती.
अकरा वर्षं ओवर भागवलं.
आता बोटं ऐकत नाहीत.
आणि दिसायला सारखंच की!”
मागे कोंबडा आरवत होता, दुपारी तीन वाजता.

त्याला सुधारण्यापेक्षा
एक ओळ लिहिणं सोपं होतं:
गाव वोहिपेनो असेल, तर ओ म्हणजे शून्य समज.

मग सगळं सुरळीत.
नकाशा राजधानीत कुणाच्या तरी भिंतीवर लागला.
त्याच्या आधारानं नदीवरची होडी बंद झाली.
(बरोबरच होतं ते. मी हिशेब पुन्हा करून पाहिलाय,
दोनदा.)
यंदा थडगी उघडायची नाहीत, असा हुकूम निघाला;
पितरांना नवं रेशीम गुंडाळून
खांद्यावर नाचवायचं नाही.
नुरुव्हाऊआत्या महिनाभर माझ्याशी बोलली नाही.
बोलली तेव्हा एवढंच:
“तुझ्या ठिपक्यांना आजोबा नसतात.”

ऑगस्टच्या एका गुरुवारी
सहज नोंदवही चाळत होते,
कुठला नियम किती वेळा लागला त्याची.
एकेचाळिसावा नियम: चार दिवसांत एकदाही नाही.
वोहिपेनोचा कागद उघडला.
शून्य शून्यासारखं होतं.
उभट, पोट आत घेतलेलं, नीटस.
रकाने सरळ, तारीख जिथल्या तिथे,
एक चूक नाही.
प्रोग्रॅमला काहीच खटकलं नव्हतं.
त्याच्या लेखी वोहिपेनो शेवटी बरं झालं होतं.

गेलेल्यांचा आकडा त्या आठवड्यात तीन.
नावं उघड्यावर ठेवत नाहीत. ठेवू नयेत.
हा आग्रहही माझाच होता.

फोन वाजला, वाजला, गप्प झाला.
दुसऱ्या दिवशी एका तरुण मुलीनं उचलला.
ती सोमवारीच आली होती, दुसऱ्या जिल्ह्यातून;
म्हणाली, “इथे सगळेच नवे आहेत, ताई.
टेबलावर एक चष्मा आहे. तो त्यांचा का?”
मला चष्मा माहीत नव्हता.
मला फक्त ओ माहीत होता.

आता दोन वाजून दहा मिनिटांनी मीही जागी असते.
पडद्यावर गावं सरकतात,
प्रोग्रॅम वोहिपेनोच्या दाराशी थांबतो, हाक मारतो.
शून्य येतं.
ओ येत नाही.

काल तुकीनं माझं काम तपासलं.
म्हणाला, ही एकेचाळिसावी ओळ काढून टाक,
कशालाच लागत नाही.
राहू दे, म्हटलं.
माणूस रजेवरही असू शकतो, मुलीकडे, किनाऱ्याला.
परत आला तर
स्वतःच्याच दारात
अडखळायला नको.