अकरा गोण्या

बैंगनवाडीत, आमच्या अंगणवाडीच्या मागं
साडेतीन हात रुंद मोकळी जागा होती.
पोषण महिन्यात वरून पत्र आलं : परसबाग करा.
मी केली. लाल माठ, पालक, कडेला मुळा.
माठ असा तरारला
की पर्यवेक्षिकाबाई फोटो काढून घेऊन गेल्या.

त्या जागेवर पूर्वी बॅटऱ्या फुटायच्या.
मला ठाऊक नव्हतं असं नाही.
माझेच दादा कढईत शिसं वितळवायचे,
वर आलेली साय पळीनं काढून
तिथंच ओतायचे.
गार झालेले थेंब वेचून आम्ही पोरी
सागरगोट्या खेळायचो.
पुढं दादांचं मनगट लटकं पडलं, चहाचा कप धरवेना.
दारूनं झालं, म्हणाले सगळे.
मीही म्हणाले.

झुलेखाला मातीची चटक.
ओरडा, समजवा, पुन्हा ओठांना माती.
"गोड लागते, टीचर."
पोट दुखतं म्हणायची,
मी जंताची गोळी दिली.

सायनच्या डॉक्टरनं तिला आ करायला लावलं.
मीही वाकून पाहिलं.
विश्व वगैरे काही नव्हतं आत.
हिरडीच्या कडेनं बारीक निळसर रेघ,
शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी.

"पेन्सिलीत शिसं नसतंच, बाई," डॉक्टर म्हणाला,
"नाव तेवढं."
नंतर आमच्या मातीचा रिपोर्ट आला. त्यातला आकडा
मी हजेरीच्या वहीत मागं लिहून ठेवलाय.

माती खाल्ली ती मी.
झुलेखानं नुसती चाखली.

माठ उपटला. वीतभर खणलं. अकरा गोण्या भरल्या.
कचऱ्याची गाडी माती घेत नाही.
वॉर्डात म्हणाले, अर्ज द्या.
विषय या शब्दापुढं काय लिहावं
ते दोन दिवस सुचेना.
पाला कुजतो, माणूस कुजतो, हे कुजत नाही.
दादांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,
त्यांनी ओतलेलं अजून कामावर आहे.

गोण्या भिंतीला टेकून उभ्या आहेत,
वर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा.
झुलेखाला औषध चालू आहे,
तीनचा आकडा अजून उलटा काढते.
सकाळी कुलूप उघडायला जावं
तर दोघं-तिघं गोण्यांचा घोडा करून बसलेली,
खालच्या एका गोणीला
बोट जाईल एवढं भोक.

खिचडी वाढण्याआधी
एकेकाची नखं उघडून बघते.
शेवटी माझी.