मिठाचं पाणी

आमच्या बाला मिठागरातून दवाखान्यात घेतलं
ते त्याच्या हातांकडे बघून.
बाळकुमच्या खाडीकाठी बारा वर्षं मीठ ओढलेले हात,
आणि डॉक्टर अंकलेसरियांना हवा होता
गुडघे धरणारा माणूस.

मशीन सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात आलं.
सागवानी पेटी, हार्मोनियमएवढी,
वर दोन काटे: एक व्होल्टचा,
एक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा.
त्याआधी सुईनं झटके आणत, बा सांगायचा.
सुई टोचल्यावर झटका येईपर्यंत
माणसाच्या डोळ्यांत असं काही यायचं
की धरणाराच आधी डोळे मिटायचा.
त्या मानानं हे बरं.
खटका, आणि माणूस तिथं नसायचाच.

तिथं असायचं ते नुसतं अंग.
खांद्यांना दोघं, कमरेला एक, गुडघ्यांना बा.
दातांत सायकलच्या ट्यूबची वळकटी, वर गॉझ.
कानशिलांवर फडक्याच्या दोन घड्या
मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या.
पाणी बाच करायचा, इनॅमलच्या कपात.
बोट बुडवून जिभेला लावायचा
आणि मान हलवायचा.
कंपाउंडरकडे मोजमाप होतं. ते कपाटातच राहिलं.

"धर, पण दाबू नकोस, धाकू,"
डॉक्टर दर वेळी सांगायचे.
धरणं आणि दाबणं यांत अंतर किती
ते बाला महादू पास्तेच्या मांडीनं शिकवलं.
हाडाचा आवाज झाला. एकदाच.
तेव्हापासून आमच्याकडे तुळशीच्या लग्नातला ऊस
कोयत्यानं कापायचे,
गुडघ्यावर मोडायचा नाही.
आम्हाला वाटायचं, रीत असेल.

क्वार्टर्समधली पोरं म्हणायची,
तिकडे खटका दाबला की इकडे दिवा डुगडुगतो.
खोटं होतं. त्या पेटीला एवढी वीज लागतच नसे.
दिवा आपला आपण डुगडुगायचा.
पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी
आई देवापुढचं निरांजन विझू द्यायची नाही.

अनसूया टिपणीस, पनवेलच्या.
दोन वर्षं तोंडातून शब्द नाही.
सहाव्या झटक्यानंतर, दुपारच्या पंगतीत,
पहिला घास घेऊन म्हणाल्या,
"आमटीत मीठ कमी आहे."
वाढणारी बाई पातेलं तिथंच टाकून धावली.
डॉक्टर आले, आमटी चाखली,
आणि म्हणे बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मीठ खरंच कमी होतं.

महिन्याभरानं यजमान न्यायला आले,
तेव्हा त्यांनी पदर सावरून विचारलं,
"आपण कुणाकडे आलात?"

पुढच्या वर्षी कार्ड आलं.
पत्त्याच्या जागी: गुडघे धरणारे, ठाणे.
मी तेव्हा चौथीत. बाला वाचता येत नव्हतं,
म्हणून मी मोठ्यानं वाचलं:
घरातली माणसं सांगतात तसं मी मानते.
ते माझेच आहेत म्हणतात, असतील.
पण झोपेत गुडघ्यांवर कुणाचे तरी हात असतात.
गरम.
ते आपले का?

बा काही बोलला नाही.
मोरीत जाऊन हात धूत बसला.

कुणी जरा वेडंवाकडं वागलं की
लोक म्हणतात, याला ठाण्याला पाठवा.
आम्ही ठाण्यातलेच.
आम्ही कुणाला कुठं पाठवणार?

अगदी शेवटी, त्याचं जेवण चमच्यावर आलं तेव्हा,
मी विचारलंच: बा, ते चांगलं होतं का वाईट?
त्यानं पेजेत बोट बुडवलं,
जिभेला लावलं, मान हलवली.
"पान्याची चव मी रोज बगायचो.
करंट कदी चाखला नाय.
त्यांना इचार."

कार्ड अजून माझ्याकडे आहे.
त्यावर पनवेल एवढंच आहे,
आळी नाही, घर नाही.